डबक्यात सापडलेल्या इवल्याशा रंगीत स्लगचे वर्णन कसे लिहावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी एका डबक्यात तुम्हाला साधारण 8 मिलिमीटरची पांढरी समुद्री स्लग, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय, दिसली. कडेने नारिंगी पट्टी, पाठीवर जांभळे ठिपके. मोबाइलवर काढलेले फोटो पुस्तकांतल्या कोणत्याच चित्राशी नीट जुळत नाहीत. ही नवी प्रजाती असू शकेल का, आणि असेल तर तिचे वर्णन कसे लिहायचे?

नवी आहे की नाही हा प्रश्न जरा मागे ठेवू, कारण त्याचे उत्तर वर्णन पूर्ण झाल्यावरच मिळते. आधीचा आणि खरा प्रश्न आहे: तुम्ही ती कोणाकोणाशी ताडून पाहिली? प्रजातीचे वर्णन म्हणजे एका सुंदर प्राण्याचे शब्दचित्र नव्हे. ज्या माणसाने कोकण कधी पाहिलेले नाही, त्याने टांझानियात किंवा ओमानमध्ये बसून तुमचा मजकूर वाचावा आणि आपल्या ताटलीतला प्राणी तोच आहे की दुसरा हे ठरवू शकावे, यासाठी ते लिहायचे असते. म्हणून वर्णनातले प्रत्येक वाक्य कुठल्या तरी तुलनेसाठी उपयोगी पडले पाहिजे.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, ते आधीच सांगते. तुम्हाला एकच प्राणी दिसला की पाच-सहा? तो अजून जिवंत आहे, जपून ठेवला आहे, की फक्त फोटोच आहेत? विच्छेदनासाठी चांगला सूक्ष्मदर्शक मिळेल असे एखादे कॉलेज ओळखीचे आहे का? फक्त फोटो असतील तर नवी प्रजाती लिहिण्याचा विचार तूर्त सोडा. ती एक चांगली नोंद होईल आणि नोंदीलाही मोल आहे. एकच प्राणी असेल तर मी स्वतः थांबते. नियम एका नमुन्यावर प्रजाती लिहायला अडवत नाहीत, पण एकाच प्राण्यावरून ठिपक्यांची संख्या हा प्रजातीचा गुण आहे की त्या एका जिवाचा, हे सांगता येत नाही.

आता रंगाबद्दल, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो.

तुमच्या फोटोंवरून ही क्रोमोडोरिडिडी कुळातली वाटते. या कुळात रंग इतका ठळक असतो की शंभर-दीडशे वर्षे लोक रंगावरूनच प्रजाती पाडत आले. जनुकांचे वाचन सुरू झाल्यावर त्यातल्या बऱ्याच भिंती हलल्या. 2018 साली क्रोमोडोरिस या जीनसवर, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींच्या गटावर, एक मोठा अभ्यास आला. एकच प्रजाती वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा रंगसाज घेते आणि एकाच ठिकाणच्या वेगवेगळ्या प्रजाती एकमेकींसारख्या दिसतात, असे त्यात दिसून आले. कारण समजण्यासारखे आहे. या स्लग स्पंज खातात, त्यातली विषारी द्रव्ये आपल्या अंगात साठवतात, आणि भडक रंग हा माशांसाठी इशारा असतो. एका परिसरातल्या सगळ्यांनी एकच इशारा वापरला तर माशांना तो लवकर कळतो आणि त्यात सगळ्यांचाच फायदा होतो. त्याच वर्षी वर्णन झालेल्या हिप्सेलोडोरिस इबा या प्रजातीत तर एक जांभळट आणि एक फिकट दुधी अशी दोन रूपे आहेत. दोन्ही वेगवेगळी पाहिली तर कोणीही दोन नावे देईल.

उलटेही घडते. उत्तर पॅसिफिकमधली हर्मिसेंडा क्रॅसिकॉर्निस ही एकच, रंगाने बदलती प्रजाती म्हणून सगळ्या पाठ्यपुस्तकांत होती. 2016 साली ती तीन प्रजाती असल्याचे दाखवले गेले. मजा अशी की त्यातल्या अमेरिकी किनाऱ्यावरच्या दोघींना वेगळे ओळखण्याची खूण रंगातच होती: पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांवर पांढरी उभी रेघ आहे की नाही. म्हणजे रंग खोटा नसतो. कोणता रंग पक्का आणि कोणता बदलता, हे एका प्राण्याकडे बघून कळत नाही, एवढेच.

म्हणून रंग नोंदवायचा तो अतिशय बारकाईने, आणि त्यावर निकाल द्यायचा तो सर्वांत शेवटी. शिवाय तो लगेच नोंदवायला हवा, कारण अल्कोहोलमध्ये टाकलेली स्लग थोड्याच काळात फिकट, आखडलेली गोळी होऊन बसते. ज्यांनी जुन्या संग्रहांच्या बाटल्या पाहिल्या आहेत त्यांना हे माहीत आहे. लेबलावर सुंदर नाव आणि आत पिवळट मटाराएवढा गोळा.

लिहायचे कसे, ते तुमच्याच प्राण्यावर दाखवते. तुम्ही लिहिले आहे: «अंग पांढरे, कडेला नारिंगी पट्टी, पाठीवर जांभळे ठिपके, शिंगे जांभळी.» हे वाक्य निदान डझनभर प्रजातींना लागू होईल. आता त्याच फोटोकडे पुन्हा बघा आणि बाहेरून आत या. प्रावाराच्या, म्हणजे पाठीवरच्या त्या झुलीच्या, अगदी टोकाला काय आहे? तुमच्या तिसऱ्या फोटोत नारिंगी पट्टीच्या बाहेर एक पारदर्शक बारीक कड दिसते आहे. ती लिहा. नारिंगी पट्टी सलग आहे की तुटक? डोक्यापुढे आणि शेपटीमागे ती रुंद होते का? पट्टीची आतली बाजू सरळ आहे की लाटेसारखी? पट्टीनंतर शुभ्र अपारदर्शक पांढरा आहे आणि मधली पाठ दुधट-पारदर्शक, की सगळीकडे एकच पांढरा? ठिपके सगळे सारख्या आकाराचे आहेत का, की कडेचे मोठे आणि मधले बारीक? ठिपका सपाट आहे की छोट्या उंचवट्यावर? त्याभोवती फिकट वलय आहे का?

मग डोक्यावरच्या त्या दोन शिंगांकडे या. त्यांना ऱ्हायनोफोर म्हणतात आणि त्यांनी स्लग वास घेते. बुंधा कोणत्या रंगाचा, वरचा भाग कोणता, टोकाला पांढरा बिंदू आहे का, आणि त्यावरच्या आडव्या पापुद्र्यांची संख्या किती. पाठीमागे गुदद्वाराभोवती कल्ल्यांचा तुरा असतो. त्यात पाने किती, ती साधी की फांद्या फुटलेली, प्रत्येक पानाचा कणा कोणत्या रंगाचा. नंतर पायाची कड, आणि चालताना शेपटी प्रावाराच्या मागून बाहेर डोकावते का. पोटाकडची बाजू बहुतेक जण बघतच नाहीत. काचेच्या ताटलीत ठेवून खालून फोटो काढला की ती दिसते.

कल्ल्यांची पाने आणि ऱ्हायनोफोरचे पापुद्रे हे आकडे वाढत्या वयाबरोबर वाढतात. त्यामुळे आकडा लिहिताना त्या प्राण्याची लांबीही लिहा, आणि लांबी तो पूर्ण ताणून चालत असतानाची घ्या. 8 मिलिमीटरच्या पिलाचे सहा कल्ले आणि दुसऱ्या कोणाच्या 25 मिलिमीटरच्या प्रौढाचे बारा कल्ले एवढ्यावरून दोन प्रजाती करू नयेत. तुमची स्लग प्रौढ आहे का, हाच मुळात मोठा प्रश्न आहे. अंडी घालताना दिसली तर त्याचे उत्तर तिथेच मिळते. अंड्यांची फीत असेल तर तिचा रंग, ती किती वेढ्यांची, सपाट टेकलेली की कडेवर उभी, हे सगळे टिपून घ्या.

फोटोसाठी दोन गोष्टी सांगते. पहिली, स्लग उथळ ताटलीत स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवा आणि ती कल्ले पूर्ण बाहेर काढून चालू लागेपर्यंत थांबा. हात लागला की ती तुरा आत ओढून घेते आणि अर्धी ओळख तिथेच जाते. पांढऱ्या प्राण्याखाली काळी पार्श्वभूमी घ्या, म्हणजे पारदर्शक कड दिसेल. दुसरी, मोबाइल रंग आपोआप भडक करतो. चौकटीत एक राखाडी कार्ड आणि मिलिमीटरची पट्टी ठेवली की नंतर रंग आणि माप दोन्ही ताडता येते. थोडा व्हिडिओही घ्या. गोनिओब्रँकस या जीनसमधल्या काही प्रजाती चालताना प्रावाराची कड सारखी वरखाली हलवतात, आणि ही सवय कुठल्याच स्थिर फोटोत दिसत नाही.

ती कशावर बसली होती हे तुम्ही लिहिलेले नाही. ते फार महत्त्वाचे आहे. क्रोमोडोरिड, म्हणजे क्रोमोडोरिडिडी कुळातल्या स्लग, स्पंजावर जगतात, पाठीवर बोटांसारखे उंचवटे असलेल्या एओलिड गटातल्या बहुतेक हायड्रॉइड या झुडपासारख्या दिसणाऱ्या बारीक प्राण्यांवर, आणि सॅकोग्लॉसन गटातल्या शेवाळावर. ज्या स्पंजावर दिसली त्याचा फोटो आणि छोटा तुकडा मिळाला तर ओळख किती सोपी होते! पुढच्या उधाणाच्या सुकतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, त्याच डबक्यावर जा आणि आधी तो स्पंज शोधा, स्लग नको. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी पुरेसे खाली जात नाही, तो फेरा फुकट जाईल. दगड उलटा केलात तर तसाच परत ठेवा. त्याच्या पोटाशी चिकटलेले सगळे जग उन्हात मरते.

गोळा करण्याआधी कायद्याचे पाहून घ्या. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षणात आहे, त्याला हात लावायचा नाही. तुमचा किनारा अभयारण्याच्या हद्दीत असेल, जसे 1987 पासूनचे मालवणचे सागरी अभयारण्य, तर परवानगीशिवाय एकही प्राणी उचलायचा नाही. नमुना किंवा त्याचा डीएनए देशाबाहेर पाठवण्याचा विचार असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा. आणि जैवविविधता कायदा 2002 नुसार नवी प्रजाती सापडली तर ती सरकारने नेमलेल्या संग्रहसंस्थेला कळवणे आणि नमुना तिथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी अशी संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, म्हणजे झेडएसआय. मुख्यालय कोलकात्याला, पण पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तिथल्या माणसांशी प्राणी गोळा करण्याआधी बोला, नंतर नव्हे.

नमुना जपताना क्रम चुकवू नका. जिवंत स्लग सरळ अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आखडते, तुरा आत जातो, आणि विच्छेदनात काहीच जागेवर सापडत नाही. आधी तिला गुंगी द्या. एक लिटर गोड्या पाण्यात 75 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवा आणि हे द्रावण ताटलीतल्या समुद्राच्या पाण्यात हळूहळू मिसळत जा. स्पर्शाला प्रतिसाद थांबला की पायाच्या मागच्या टोकाचा बारीक तुकडा कापून 95 टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये ठेवा. हा तुकडा डीएनएसाठी. फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो, म्हणून फॉर्मेलिन वापरायचे तर ते हा तुकडा काढल्यानंतरच. बाकीचा प्राणी शेवटी 70 टक्के इथेनॉलमध्ये. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, ओहोटीची वेळ, खोली, कशावर मिळाली, कोणी गोळा केली, आणि फोटोचा क्रमांक. फोटो एका प्राण्याचा आणि बाटली दुसऱ्याची असे झाले की पुढच्या सगळ्या कामाचा पाया जातो.

आतल्या रचनेशिवाय डोरिड स्लगचे, म्हणजे क्रोमोडोरिड ज्यात येतात त्या मोठ्या गटातल्या स्लगचे, वर्णन आजही अपुरे मानले जाते, आणि मला ते रास्त वाटते. मुख्य दोन गोष्टी बघायच्या. एक रॅड्युला, म्हणजे तोंडातली दातांची पट्टी. तोंडाचा स्नायूंचा गोळा काढून कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात ठेवला की मांस विरघळते आणि पट्टी उरते. तिचे सूत्र लिहायची पद्धत ठरलेली आहे: समजा 32 × 28.1.28, म्हणजे 32 ओळी, प्रत्येक ओळीत मध्ये एक दात आणि दोन्ही बाजूंना 28. मधला दात आहे, नाही, की नुसता खुंट आहे. आतल्या पहिल्या दाताला दोन्ही बाजूंनी दाते आहेत का. बाहेरच्या दातांचा आकार कसा बदलत जातो, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ती सोय विद्यापीठांत मिळते.

दुसरी गोष्ट जननसंस्था. या सगळ्या स्लग उभयलिंगी असतात, आणि नळ्या व पिशव्या एकमेकींना कुठे जोडल्या आहेत, कोणती लांब, कोणती गोल, यात फरक सापडतात. 8 मिलिमीटरच्या प्राण्यात ही नळी केसाएवढी असते. चित्र काढत काढत विच्छेदन करायचे. आधी कापून मग आठवून काढलेल्या चित्रावर विसंबता येत नाही. आणि अपरिपक्व प्राण्यात ही संस्था पूर्ण तयारच झालेली नसते, म्हणून पुन्हा तोच मुद्दा: एकाहून अधिक प्राणी हवेत आणि त्यातले काही मोठे हवेत.

डीएनएसाठी बहुतेक जण सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचतात, जोडीला 16एस हे जनुक आणि एखादे पेशीकेंद्रकातले जनुक. हे काम प्रयोगशाळेला पैसे देऊन करून घेता येते. पण निकालातला टक्क्यांचा फरक बघून लगेच नाव देऊ नका. किती फरक म्हणजे वेगळी प्रजाती, हा आकडा सगळ्या जीनसना सारखा लागू होत नाही. तुलनेसाठी जवळच्या नात्यातल्या प्रजातींचे क्रम उपलब्ध आहेत का यावर सगळे ठरते. हिंदी महासागराच्या आपल्या बाजूचे क्रम कमी आहेत. तुमचा क्रम कशाशीच जुळला नाही, तर याचा अर्थ प्रजाती नवी आहे असाही होतो, आणि जुन्या प्रजातीचा क्रम अजून कोणी वाचलेला नाही असाही. आपल्याकडे हे दुसरे कारण फार वेळा खरे ठरते.

म्हणूनच जुने साहित्य. या भागावर माझा सगळ्यात जास्त जोर असतो, आणि नव्या लोकांचे सगळ्यात कमी लक्ष असते. आपल्या समुद्रातल्या स्लगची नावे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पडू लागली. केलार्ट या संशोधकांनी 1858 च्या सुमारास श्रीलंकेतल्या प्रजातींची वर्णने छापली, तीही बरीचशी चित्रांशिवाय. 1864 साली अल्डर आणि हँकॉक यांनी वॉल्टर इलियट यांनी भारताच्या पूर्व किनाऱ्यावर जमवलेल्या स्लगचे वर्णन केले. कलिंगा ऑर्नाटा ही देखणी प्रजाती त्यातलीच. केलार्टची मूळ रंगीत चित्रे पुढे इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या हँकॉक संग्रहालयात होती, आणि 1906 साली चार्ल्स एलियट यांनी ती चित्रे आणि तिथल्या बाटल्या तपासून त्या जुन्या नावांचा अर्थ लावला. ते लेखन वाचल्याशिवाय भारतीय किनाऱ्यावरून नवे नाव देणे मला धाडसाचे वाटते.

आणि तुमच्या अगदी जवळचे उदाहरण. 1946 साली विंकवर्थ यांनी मुंबईच्या ग्लॉसोडोरिस या जीनसवर लेख लिहिला आणि त्यात एका प्रजातीला मुंबईचेच नाव दिले. आज ती गोनिओब्रँकस बॉम्बेयानस या नावाखाली नोंदलेली आहे. कोकणात रंगीत क्रोमोडोरिड सापडली की पहिली तुलना हिच्याशी व्हायला हवी, कारण हिचे मूळ ठिकाण तुमच्यापासून काही तासांच्या प्रवासावर आहे. शिवाय केलार्टची गोनिओब्रँकस फिडेलिस, जिची पाठ दुधी आणि कड रुंद, आतून लाटेसारखी, नारिंगी-लाल असते. आणि 1904 साली एलियट यांनीच लिहिलेली गोनिओब्रँकस अ‍ॅन्युलेटस, पांढरी, पिवळ्या ठिपक्यांची, ऱ्हायनोफोर आणि कल्ल्यांभोवती जांभळी कडी असलेली. तुमची या दोघींपैकी कोणी वाटत नाही, पण का वाटत नाही ते वर्णनात एकेका वाक्यात लिहावे लागेल.

शोधताना एक अडचण येईल. 2012 साली या कुळाची जनुकांच्या आधारे फेरमांडणी झाली आणि क्रोमोडोरिसमधल्या पुष्कळ प्रजाती गोनिओब्रँकसमध्ये गेल्या. त्याआधीच्या छापील साहित्यात त्या क्रोमोडोरिस, ग्लॉसोडोरिस किंवा नुसत्या डोरिस म्हणून आहेत. नावानंतरच्या संशोधकाचे नाव आणि साल कंसात असेल तर समजा की मूळ वर्णन दुसऱ्या जीनसखाली झाले होते. वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पिशीजवर मूळ नाव आणि मूळ लेखाचा तपशील दोन्ही मिळतात, आणि जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मोफत वाचता येतात. मी आधी हिंदी महासागर, तांबडा समुद्र आणि पश्चिम पॅसिफिकमधून नोंदलेल्या त्या जीनसच्या सगळ्या प्रजातींची यादी करते, मग एकेक नाव मूळ वर्णनाशी ताडून खोडत जाते. हे काम कंटाळवाणे आहे, पण वर्णनाचा तुलनेचा भाग याच यादीतून तयार होतो.

एवढे सगळे करून ती खरोखर वेगळी निघाली, तर नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या अटी फार नाहीत, पण एकही चुकवून चालत नाही. नाव लॅटिन पद्धतीचे, दोन शब्दांचे. ही नवी प्रजाती आहे असा स्पष्ट उल्लेख. इतर प्रजातींपासून ती कशी वेगळी, हे शब्दांत. एक ठरावीक नमुना होलोटाइप म्हणून नेमलेला, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे लिहिलेले. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी. बातमी, समाजमाध्यमावरची पोस्ट किंवा परिषदेतले भाषण यांनी प्रजातीला नाव मिळत नाही. तेव्हा मनात ठरवलेले नाव लेख छापून येईपर्यंत कुठेही लिहू नका.

आणि ती आधीच माहीत असलेली निघाली, जी शक्यता जास्त आहे, तरी काम वाया गेले असे मानू नका. रत्नागिरीच्या स्लगवर मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) संशोधकांनी सचित्र काम छापले आहे. तुमची नोंद त्यात आहे का ते बघा. एखाद्या जुन्या, एकदाच वर्णन झालेल्या प्रजातीचे जिवंत रंगातले फोटो, तिचा स्पंज, अंड्यांची फीत आणि पहिला डीएनए क्रम एवढे तुम्ही दिलेत, तर पुढे कोकणात काम करणाऱ्या प्रत्येकाला ते लागेल. मला स्वतःला असे पुनर्वर्णन नव्या नावाइतकेच मोलाचे वाटते.

सध्या इतकेच करा: पुढच्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणात त्या डबक्यावर जा, काही उचलू नका, स्पंज शोधा, आणखी प्राणी दिसतात का मोजा, आणि प्रत्येकाचे वरून, बाजूने, समोरून, खालून असे पट्टीसकट फोटो काढा. ते मूळ फाइल स्वरूपात पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत पारदर्शक कड आणि कल्ल्यांचे कणे दिसत नाहीत. सोबत ताणलेली लांबी लिहा. ठिपके प्राण्यागणिक बदलतात का हे बघून मग नमुना घ्यायचा की नाही ते ठरवू, आणि घ्यायचा ठरला तर तोवर पुण्याच्या केंद्राशी तुमचे बोलणे झालेले असू द्या.